तीस वर्षांची केटी

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. हे मी कुठेही सांगते, बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसालाही सांगते, आणि सांगताना आवाज खाली आणत नाही. आण्णा इचलकरंजीत यंत्रमागावर होते, आई कांड्या भरायची. "आमचं दोघांचं शिक्षण मिळून अकरावी," आण्णा पाहुण्यांना सांगायचे. "मी सातवी, ही चौथी. करा बेरीज." त्यांच्या लेकीने संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि पीएच.डी.साठी ती जर्मनीतल्या एर्लांगेनला गेली, हे त्यांनी गल्लीत इतक्यांदा सांगितलं की शेवटी लोक त्यांना बघून रस्ता बदलायला लागले.

पण मी आयुष्यात शिकवलेला पहिला विद्यार्थी कुणी कॉलेजातला पोरगा नव्हता. तो चोपन्न वर्षांचा होता, त्याची मांडी माझ्या कमरेएवढी होती, आणि एके काळी तो पगार घेऊन अमेरिकन फुटबॉल खेळायचा.

झालं असं की एर्लांगेनमध्ये मला खोली मिळेना. मेल पाठवून पाठवून बोटं दुखली. शेवटी बसने वीस मिनिटांवरच्या एका गावात, माशांच्या तळ्यांच्या मधोमध, एका घराची वरची खोली रिकामी असल्याचं कळलं. घरमालकीणबाईंनी फोनवर एकच प्रश्न विचारला, "तू स्वयंपाक करतेस? वास येणारा?"

"करते," मी म्हटलं. "येणारा."

पलीकडे आधी हसणं, मग दोन शब्द, "पास्ट शो." मला वाटलं, गेली खोली. नंतर समजलं की त्या भागात याचा अर्थ 'ठीक आहे', आणि 'ठीक आहे'च्या वर तिथली माणसं कशालाच चढवत नाहीत. लग्न असो, नातवंड असो, पंचपक्वान्नाचं ताट असो, सगळं पास्ट शो.

दार उघडलं ते त्यांच्या नवऱ्याने. उंच नव्हते, पण दाराच्या दोन्ही बाजूंना उजेड यायला फट उरली नव्हती. काळेभोर, डोक्याचा तुळतुळीत गोटा, आणि जिना उतरताना खेकड्यासारखे आडवे उतरायचे, कारण डावा गुडघा वाकत नव्हता. सगळं गाव त्यांना 'कोच' म्हणायचं, बायकोसुद्धा. मीही तेच म्हणायला लागले. मी संख्याशास्त्रवाली आहे म्हटल्यावर त्यांनी मला 'प्रोफेसर' करून टाकलं. मी म्हटलं, अजून झाले नाही. ते म्हणाले, "मीही आता कोच कुठे आहे? दिवसभर आज्ज्यांना पाण्यात नाचवतो."

ते खरंच होतं. शहरातल्या एका रिहा-सेंटरमध्ये ते नोकरीला होते. खुबा बदललेल्या, गुडघा बदललेल्या म्हाताऱ्या बायकांना कोमट पाण्याच्या टाकीत उभं करून ते व्यायाम करून घ्यायचे. मी एकदा बघायला गेले होते. टाकीत फुलाफुलांच्या टोप्या घातलेल्या बारा आज्ज्या, काठावर कोच, आणि त्यांचा आवाज असा की जणू पुढच्या मिनिटाला शत्रूवर चाल करायची आहे. "गुडघा वर! आणखी वर! त्या तिकडच्या दोघी, गप्पा नंतर!" त्या दोघी लाजून गप्प. बाहेर पडताना एक आजी मला म्हणाली, "यांच्यासाठी मी दुसरा खुबापण बदलून घेणार आहे."

अमेरिकन फुटबॉल मला ओ की ठो माहीत नव्हता. कोचनी तो मला न्याहारीच्या टेबलावर शिकवला. ब्रेडचे तुकडे ही आपली फळी, उकडलेली अंडी ही समोरची फळी, आणि मिठाची बाटली म्हणजे ते स्वतः, रनिंग बॅक. चेंडू मिठाच्या बाटलीच्या हातात द्यायचा, आणि तिने अंड्यांमधल्या फटीतून पळायचं. जेवढे यार्ड पुढे, तेवढा संघ पुढे. अंडी तिला आडवं करणार, हे ठरलेलंच.

"मी शाळेत खो-खो खेळायचे," मी म्हटलं. "आम्हीपण पळायचो. पण माणसांपासून लांब."

"मी माणसांच्या दिशेने पळायचो. तेवढाच फरक."

मग मी त्यांना खो-खोतली हूल दाखवली. अंग डावीकडे टाकायचं, नजर डावीकडे, आणि पाय उजवीकडे. कोच उठले, त्यांनी ती बघितली, आणि त्या सगळ्या देहासकट स्वयंपाकघरात जी हूल दिली, तिला मीच फसले. मी फ्रिजच्या बाजूला झेपावले आणि ते खिडकीशी पोहोचलेसुद्धा.

"गुडघा!" मालकीणबाई ओरडल्या. कोच गुपचूप बसले.

त्यांची कारकीर्द मला अशीच रविवारच्या न्याहारीला, तुकड्यातुकड्याने कळली. अमेरिकेच्या दक्षिणेकडचं छोटं गाव. खेळाच्या जोरावर कॉलेजात फुकट प्रवेश. तिथे चार वर्षं पळाले, गावात नाव झालं, एका पानटपरीएवढ्या दुकानाने तर त्यांच्या नावाचं सँडविच काढलं. मग एका मोठ्या व्यावसायिक संघाने उचललं. तिथे तीन हंगाम काढले, पण बहुतेक वेळ बाकावर. त्यांच्या पुढे आणखी दोघे रनिंग बॅक होते, दोघेही तरणेबांड, आणि कोचच्याच शब्दांत, "दोघांनाही सर्दीसुद्धा व्हायची नाही." एकदा, फक्त एकदा, मैदानाच्या अर्ध्यापेक्षा जास्त पळत जाऊन त्यांनी गुण मिळवला. ते सांगताना ते मिठाची बाटली टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेत आणि मालकीणबाई न बघता ती पडायच्या आत झेलत. इतक्यांदा ऐकलेलं असावं.

चौथ्या वर्षी हंगामाआधीच्या सरावात एका सकाळी एक माणूस त्यांच्या खोलीच्या दाराशी आला आणि म्हणाला, "साहेबांनी बोलावलंय. डावपेचांची वही घेऊन या." त्या धंद्यात वही घेऊन या म्हणजे घरी जा. वही परत करायची असते.

"मी वही दिली, आणि आठवलं की आतमध्ये माझा लाँड्रीचा कागद आहे," कोच म्हणाले. "परत मागायची लाज वाटली. माझे दोन शर्ट अजून त्या गावात आहेत."

त्या काळी युरोपातही या खेळाचे पगारी संघ होते. कोच जर्मनीला आले. तिथे दोन हंगाम ते पहिल्या नंबरचे रनिंग बॅक होते. लोकांना नियम कळत नव्हते, पण ते ढोल घेऊन यायचे, हातात सॉसेज घेऊन नाचायचे, आणि कोच आडवे पडले तरी टाळ्या वाजवायचे. तिसऱ्या हंगामात गुडघा गेला. ज्या दवाखान्यात गुडघ्यावर उपचार झाले तिथे फिजिओथेरपी करणारी एक मुलगी त्यांच्यावर रोज ओरडायची. तिच्याशी त्यांनी लग्न केलं. ती आमची मालकीणबाई.

ही झाली सांगण्याची गोष्ट. न सांगण्याची गोष्ट मला सहा महिन्यांनी कळली.

मार्च महिना असेल. मी संध्याकाळी विद्यापीठातून आले तर दोघं टेबलाशी बसलेले. सेंटरमधला व्यायाम विभागाचा प्रमुख शरद ऋतूत निवृत्त होणार होता. ती जागा कोचना मिळावी असं टाकीतल्या आज्ज्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना वाटत होतं. आधी दोनदा ती जागा कोचनी स्वतः शिकवून तयार केलेल्या माणसांना मिळाली होती. कारण त्या माणसांकडे आबश्लुस होता. आबश्लुस म्हणजे शिक्षण पूर्ण केल्याचा कागद. जर्मनीत माणूस काय करतो हे नंतर बघतात, कागद आधी.

"पण तुम्ही तर चार वर्षं कॉलेजात होता ना?" मी विचारलं.

कोच मिठाच्या बाटलीकडे बघत होते. "एक विषय राहिला. संघाने बोलावलं तेव्हा परीक्षा महिन्यावर होती. म्हटलं, येऊन देऊ."

"कुठला विषय?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला उत्तर मिळालंच.

"संख्याशास्त्र? केटी लागलीय तुमची? तीस वर्षं?" मी मराठीतच ओरडले. मग केटी म्हणजे काय ते सांगितलं, की आमच्याकडे राहिलेला विषय उरावर घेऊन पोरं पुढच्या वर्गात जातात आणि घरी लपवून ठेवतात. कोचना तो शब्द फार आवडला. त्यांनी मला पत्र दाखवलं. कॉलेजने कळवलं होतं की तो एक विषय ऑनलाइन देता येईल, जुने गुण धरले जातील, पण फक्त या सत्रापर्यंत. त्यानंतर सगळं पहिल्यापासून.

"तू मला शिकवशील?" ते म्हणाले. "मी हट्टी आहे, हे आधीच सांगतो."

"ते मी सांगते," मालकीणबाई म्हणाल्या.

तर आमचे वर्ग सुरू झाले. आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळी सहा ते साडेसात, स्वयंपाकघरात. पहिले दोन आठवडे फुकट गेले. नाण्यांची, फाशांची, पिशवीतल्या लाल-पांढऱ्या चेंडूंची गणितं त्यांच्या डोक्यात शिरेनात. "कोण हात घालतं असल्या पिशवीत?" ते विचारायचे. मग एके दिवशी तळघरातून त्यांनी बुटांचं एक खोकं आणलं. आत त्यांच्या प्रत्येक सामन्याचे छापील कागद होते. प्रत्येक वेळी चेंडू हातात आल्यावर ते किती यार्ड पळाले याची ओळ न् ओळ.

मी ते सगळे आकडे त्यांच्याकडूनच वहीत उतरवून घेतले. सरासरी काढायला लावली. ती बरी आली. ते खूश. मग म्हटलं, आता सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडा आणि बरोबर मधला बघा. याला मध्यक म्हणतात. त्यांनी बोटाने मोजत मधला गाठला. तो होता दोन.

"हे चुकलंय," कोच म्हणाले.

"नाही चुकलं. तुमची ती एक लांब धाव सरासरीला वर ओढते. मध्यकाला तिचं काही पडलेलं नाही."

"म्हणजे मी दोन यार्डांचा माणूस?"

"अर्ध्या वेळा दोन किंवा त्याहून कमी."

ते इतके दुखावले की त्यांनी वही मिटली. शेगडीशी उभ्या मालकीणबाईंचे खांदे हसून हसून हलत होते. मला वाटलं, आता उद्या वर्ग नाही. पण दुसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असताना ते वही उघडून बसले होते. "मी रात्री विचार केला," ते म्हणाले. "ती लांब धाव आठवते लोकांना. पण संघाने मला ठेवलं होतं ते दोन यार्डांसाठी. समोर भिंत असताना दोन यार्ड काढून देतो म्हणून. मधला आकडा खरं बोलतो. पुढे चल."

त्यानंतर गाडी रुळावर आली. प्रमाण विचलन म्हणजे काय हे त्यांनीच मला सांगितलं: कुठल्या रविवारी हा माणूस काय करेल याचा भरवसा नसणे. गृहीतकाची चाचणी आली तेव्हा मी घाबरले होते, कारण तिथे माझे कॉलेजातले हुशार मित्रही घसरले होते. सुरुवातीला 'काही वेगळं घडलेलं नाही' असं धरून चालायचं, आणि पुरावा फार भक्कम असेल तरच ते सोडायचं, हे लोकांना उलटं वाटतं. कोचनी पाच मिनिटं ऐकलं आणि टेबलावर हात आपटला.

"हा तर पंच आहे! पंचाने मैदानावर निर्णय दिला. मग चित्रफीत बघतात. चित्रफितीत स्पष्ट दिसलं तरच निर्णय फिरवायचा. शंका असेल तर मैदानावरचा निर्णय कायम. कायम म्हणजे बरोबर होता असं नाही. फिरवण्याएवढा पुरावा नाही, एवढंच."

मला हे एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी कळलं होतं.

आण्णांचा रविवारी फोन यायचा. "काय गं, तुझा पैलवान बसतोय का अभ्यासाला?"

"बसतात, आण्णा."

"मार देऊ नको त्याला. मोठा माणूस हाय."

"तुम्ही त्यांना बघितलंय का? मार मलाच बसेल."

मधल्या चाचणीत मात्र कोच नापास झाले. अगदी थोडक्यात, पण नापास. मी पेपर बघितला आणि डोक्याला हात लावला. उत्तरं बरीचशी जवळपास होती, पण नुसती उत्तरं. मधलं सगळं त्यांनी डोक्यात केलं होतं. फट दिसली की घुसायचं, ही तीस वर्षांची सवय. उत्तर जरा चुकलं की पूर्ण शून्य.

"कोच, आमच्या बोर्डात एक धर्म आहे," मी म्हटलं. "स्टेपला मार्क असतात. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण कुणी काढून घेत नाही. आधी काय दिलंय ते लिहायचं. मग सूत्र. मग किमती घालायच्या. मग उत्तर, आणि त्याच्याखाली दोन रेघा. पट्टीने."

"पट्टीने?"

"पट्टीने. आणि डावीकडे समास."

ते ऐकेनात. मग मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं, की प्रत्येक पायरी म्हणजे दोन यार्ड. यावर त्यांनी मुकाट पट्टी घेतली. पुढचे सहा आठवडे मी नमुना म्हणून गणितं सोडवून द्यायची आणि ते माझ्यासारखीच मांडणी गिरवायचे. इतकी हुबेहूब, की मला आमच्या शाळेतले गणिताचे सर आठवायचे. समास आखलेला, ओळी सरळ, रेघा दुहेरी. मालकीणबाईंनी एक पान बघितलं आणि म्हणाल्या, "याने लग्नाच्या अर्जावर सहीसुद्धा इतकी नीट केली नव्हती."

शेवटची परीक्षा जूनमध्ये, दुपारी तीनला होती. कॅमेरा चालू ठेवायचा, कागदावर सोडवायचं, फोटो काढून पाठवायचे, खोलीत दुसरं कुणी नको. निघताना हातावर दही ठेवायची आमच्याकडची रीत मी सांगितली होती. घरात दही नव्हतं, क्वार्क होतं, म्हणजे तिकडचा चक्का. त्यावर साखर घालून मी चमचाभर त्यांच्या तळहातावर ठेवलं. एवढ्या मोठ्या पंजावर ते हरवूनच गेलं. "आणखी घाल," कोच म्हणाले, "मी मोठ्या वजनगटातला आहे."

पेपर बरा गेला. एका गणितात शेवटी बेरीज चुकल्याचं त्यांना वेळ संपल्यावर कळलं, पण पायऱ्या सगळ्या लिहिल्या होत्या. आम्ही तिघांनी अंगणात बसून केक खाल्ला.

चौथ्या दिवशी मेल आला. निकाल रोखून ठेवला होता. उत्तरपत्रिकेत प्रत्येक पानावर, समासाच्या आत, तीच तीच अनोळखी चिन्हं आढळली आहेत, ती सांकेतिक टिपणं आहेत का याचा खुलासा हवा, मंगळवारी प्राध्यापिका व्हिडिओवर बोलतील, असं त्यात होतं. सोबत पानाचा फोटो, आणि चिन्हांभोवती लाल गोल.

मी फोटो बघितला आणि ती चिन्हं लगेच ओळखली.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. पुढे सगळं इंग्रजीत केलं, पीएच.डी.सुद्धा इंग्रजीतच चालली होती, पण गणित सोडवायला घेतलं की माझा हात समासाजवळ आपोआप लिहितो: 'दिलेले', 'सूत्र', 'उत्तर'. कुणी मला त्याबद्दल कधी टोकलं नव्हतं, कारण माझं कच्चं काम कुणी बघत नव्हतं. कोचच्या वहीत ते शब्द उमटू लागले तेव्हा मला वाटलं, गंमत म्हणून, माझ्यावरच्या मायेने काढतायत. 'सूत्र'मधला त्र त्यांना फार सुंदर जमायला लागला होता. मी एकदा कौतुकही केलं होतं. एका शब्दाने विचारलं नव्हतं.

"कोच, तुम्हाला हे काय वाटलं होतं?"

"गणिताची चिन्हं," ते म्हणाले. "तुमचे ते म्यू, सिग्मा, आणि हे." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "नाहीयेत?"

त्यांची तीस वर्षांची केटी, ती जागा, सगळं माझ्या हाताच्या सवयीवर अडकलं होतं. मी शंभरदा माफी मागितली. मग कोच हळूच म्हणाले, "सहा आठवडे मी ते चित्र घोटतोय, प्रोफेसर. मला वाटायचं, हे एवढं अवघड आहे म्हणजे यालाच जास्त मार्क असणार."

मंगळवारी आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो. प्राध्यापिका चाळिशीच्या, चष्मा कपाळावर, चेहरा कोरा. त्यांनी पान कॅमेऱ्यासमोर धरलं. "हे काय आहे?"

"सूत्राचं चिन्ह," कोच म्हणाले. आदल्या रात्री ठरलं होतं की खरं ते सगळं मी सांगेन, पण सवय जाते का?

"कुठल्या भाषेतलं?"

"गणिताच्या."

मी मध्ये पडले. मी कोण, कुठली, मराठी शाळा, समास, पायऱ्यांचे मार्क, दुहेरी रेघ, सगळं एका दमात सांगितलं. तिन्ही शब्दांचे अर्थ सांगितले. माझ्या स्वतःच्या वहीची पानं दाखवली. प्राध्यापिकांनी ती नीट बघितली.

"ठीक आहे. शब्दांचं पटलं," त्या म्हणाल्या. "पण आता मला हे कसं कळावं की गणित यांना येतं, की यांनी तेही चित्रासारखंच घोटलंय?"

प्रश्न अगदी रास्त होता.

"तुम्ही बाहेर थांबा," त्या मला म्हणाल्या. "मी यांना दोन प्रश्न विचारते."

मी बाहेर आले. मालकीणबाई पॅसेजमध्ये उभ्या होत्या, हातात कणकेचा गोळा, तो इतका मळला होता की भिंतीला लावला असता तर चिकटला असता. आम्ही दाराला कान लावले. हो, लावले. प्राध्यापिकांचा आवाज ऐकू येत नव्हता. कोचचा गल्लीला ऐकू गेला असता. सुरुवातीला ते अडखळले. म्हणाले, "थांबा. आधी काय दिलंय ते लिहितो." मग बराच वेळ नुसती पट्टी सरकल्याचा आवाज. मग एकदम टाकीवरचा आवाज लागला: "नाही मॅडम, नाही! पुरावा कमी पडला म्हणजे निर्णय बरोबर होता असं मी म्हणत नाहीये! फिरवता येत नाही, एवढंच म्हणतोय!"

"भांडतोय हा," मालकीणबाई कुजबुजल्या.

"भांडू द्या," मी म्हटलं. "बरोबर भांडतायत."

ते बाहेर आले तेव्हा शर्ट भिजलेला. "काही म्हणाल्या नाहीत," ते म्हणाले. "म्हणाल्या, कळवू." आणि ते आडवे आडवे जिना चढून झोपायला गेले. दुपारचे पाच वाजले होते.

निकाल रविवारी आला. अमेरिकेत बहुतेक शनिवारी रात्री कुणीतरी बटण दाबलं असावं. मी वरून खाली येत होते, कोच फोन डोळ्यांपासून लांब धरून वाचत होते. चुकलेल्या बेरजेच्या गणितालाही पायऱ्यांचे गुण होते. ते नसते तर पास व्हायला कमी पडले असते. खाली प्राध्यापिकांची एक ओळ होती: तोंडी उत्तरं उत्तम, मात्र पुढे चिन्हं इंग्रजीत लिहावीत.

ती जागा त्यांना मिळाली, ते इथेच सांगून टाकते. कागदाच्या भाषांतरावर शिक्का, शिक्क्यावर आणखी एक शिक्का असं करत करत ऑक्टोबर उजाडला, पण मिळाली. निकाल कळताच मी आण्णांना फोन लावला होता. "पैलवान झाला ग्रॅज्युएट," मी म्हटलं. आण्णा म्हणाले, "म्हणजे आता तिकडच्या घरातपण पदवी तूच आणलीस की." मी म्हटलं, "नाही, आण्णा. त्यांनी आणली. मी फक्त गोंधळ घातला."

त्या रविवारी कोच मात्र निकाल वाचून, फोन खिशात टाकून मागच्या अंगणात गेले, गवत कापायचं मशीन ओढून बाहेर काढलं आणि सुरू केलं. रविवारी सकाळी. जर्मनीत रविवारी गवत कापणं म्हणजे काय हे इथे राहिलेल्याला सांगायला नको. इथे त्या दिवशी खिळासुद्धा ठोकत नाहीत. मालकीणबाई खिडकीतून हातवारे करत होत्या, पण कोचना ऐकू येत नव्हतं. ते सरळ रेषेत, कुंपणापर्यंत जात होते आणि वळून परत येत होते.

शेजारचे गृहस्थ, निवृत्त शाळामास्तर, कुंपणाशी आले. चेहरा लाल. "हेर नाखबार! अहो शेजारी! आज वार कुठला आहे?"

"मी पास झालो!" कोच मशीनच्या आवाजावर ओरडले.

"काय झालात?"

"पास! संख्याशास्त्रात!"

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ते घरात गेले. मला वाटलं, आता पोलिसांना फोन. ते परत आले ते बिअरच्या चार बाटल्या घेऊन, आणि त्यांनी त्या कुंपणावरून एकेक करून माझ्या हातात दिल्या.

"मनापासून अभिनंदन," ते म्हणाले. "आता ते बंद करा."

कोचनी मशीन बंद केलं. अर्धं गवत कापलेलं आणि अर्धं तसंच, असं ते सोमवारपर्यंत राहिलं.